पैशाने आपल्या घरात नेमके काय बदलले?

वाळव्याची लेक : कागदपत्रे लावताना वडिलांच्या शेताचा जुना सातबारा हाती लागला. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. आमच्याकडे उसाच्या बिलातूनच कर्जाची वसुली कापून घेतली जाई आणि उरलेल्या पैशांत खते, माझी फी आणि आजीची औषधे कशी बसवायची, याचा हिशेब आई-वडील रात्री उशिरापर्यंत करत. ज्या वर्षी बोजा उतरला, त्या वर्षी घरात एकही नवी वस्तू आली नाही. पण आहेराच्या चिंतेने भावकीतली लग्ने टाळणारे वडील पुन्हा मांडवात दिसू लागले. म्हणूनच ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

माणदेशी : ताई, कर्ज फिटले तरी नोंद आपोआप जात नाही. कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार, म्हणजे नोंदीत बदल, करून घेतला होता ना? आमच्या चुलत्यांचा बोजा कर्ज फिटल्यावरही कागदावर तसाच राहिला होता आणि त्यांना पुढचे कर्ज मिळेना.

वाळव्याची लेक : होय दादा, वडिलांनी लगेच करून घेतला होता.

विटेकर : आम्ही खानापूर तालुक्यातले, म्हणजे घरात गलाई आलीच. जुने दागिने आटवून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्यासाठी आमच्याकडची माणसे देशभर पसरली आहेत; माझे वडील तमिळनाडूत होते. भट्टीची धग आणि ॲसिडचा धूर सोसून त्यांनी गावात दुमजली घर बांधले, आम्हा भावंडांना शिकवले. त्या काळात आमच्या कोरडवाहू रानातून हे कधीच झाले नसते. मात्र वडील यात्रेपुरते येत. माझ्या धाकट्या बहिणीला तर ते परके वाटत आणि ती त्यांच्याजवळ जायला रडे. ते रडणे त्यांना किती लागत असेल, हे मला स्वतःला मुलगी झाल्यावर कळले.

गुरुजी, सातारा : काहनेमन आणि डीटन या अभ्यासकांनी २०१० मध्ये अमेरिकेतील माहितीवरून असे मांडले होते की वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजच्या मनःस्थितीत उत्पन्नामुळे फारशी भर पडत नाही. किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये तशी मर्यादा आढळली नाही. पुढे २०२३ मध्ये काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह माहिती पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढत जाते आणि सर्वांत दुःखी गटात मात्र ते एका टप्प्यानंतर थांबते, असे दिसले. बोजाचे दुःख पैशाने जाते. विटेकरांच्या बहिणीचे गेले नाही. मला या निष्कर्षाचा अर्थ या दोन अनुभवांतून अधिक नीट लागला.

गावभाग : आम्ही सांगलीकर. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले, तेव्हा खात्यात पैसे असलेले आणि नसलेले शेजारी एकाच गच्चीवर बोटीची वाट पाहत होते. पाणी ओसरल्यावर फरक दिसला. आम्ही महिन्याभरात दुकान उभे केले, समोरच्या शिंपीकाकांची शिलाई यंत्रे गंजली आणि त्यांना दुसऱ्याच्या दुकानात कामाला जावे लागले. पैसा काय करतो, हे मी त्या महिन्यात पाहिले.

अजिंक्यतारा : साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचे वसतिगृह अडचणीत असताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. माझे आजोबा कर्मवीरांच्या ‘रयत’ शिक्षण संस्थेत शिकले आणि पुढे दर वर्षी एका मुलाची फी भरत. आजी काटकसरी होती, तरी या खर्चाला तिने कधी नकार दिला नाही. ती त्या मुलांची नावे घेऊन ‘आपला अमका मास्तर झाला’ असे ज्या आनंदाने सांगे, तसा आनंद मी स्वतःच्या पगारवाढीनंतरही अनुभवलेला नाही.

गुरुजी, सातारा : विटेकर, वडील आता गावी असतात का?

विटेकर : होय गुरुजी. टेंभू सिंचन योजनेचे पाणी आल्यावर त्यांनी दुकान भावाकडे सोपवून द्राक्षबाग लावली. गेल्या हंगामात औषधांचा खर्चही निघाला नाही, तरी परत जायला ते तयार नाहीत. आईची मात्र तक्रार असते की इतक्या वर्षांनी घरी आले, तरी दिवसभर बागेतच असतात.