मौल्यवान वस्तू पोस्टाने-कुरिअरने पाठवताना : आपापले अनुभव लिहा

गणपती जवळ आले की कोकणात पार्सलं दोन्ही दिशांनी सुटतात. मुंबईहून गावी दुरुस्त केलेला फोन, आजोबांचं श्रवणयंत्र, आरतीचं चांदीचं ताम्हन. गावाहून मुंबईला काजूगर, आगळ (कोकमाचा रस), आणि त्यांच्या आड दडवलेला एखादा सोन्याचा डाग. हे आड दडवणंच मला खटकतं. पार्सल हरवलं की सगळे शिव्या देतात, पण काउंटरवर "आत काय आहे?" असं विचारल्यावर काय उत्तर दिलं होतं, ते कोणी सांगत नाही. इथे तेही सांगा. वस्तू पैशाने महाग असो की फक्त तुमच्या घरापुरती मोलाची, पोचली असो की नसो. कंपनीचं, कचेरीचं नाव मात्र नको. त्याने भांडण वाढतं, माहिती नाही.

सुरुवात मीच करतो.

सावंतवाडी

गंजिफांचा, म्हणजे जुन्या खेळातल्या पत्त्यांचा, दशावतारी संच नागपूरच्या एका संग्राहकाला पाठवायचा होता. १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, सगळी हाताने रंगवलेली. आमच्या हवेत पानं एकमेकांना चिकटायची भीती, म्हणून प्रत्येक पानाखाली बटरपेपरचा गोल कापून घातला. मग लाकडी डबी, डबीला बबल रॅप, वर प्लास्टिकची पिशवी, मग खोका. खोक्याच्या आत आणखी एक कागद ठेवला, त्यावर दोघांचेही पूर्ण पत्ते आणि फोन. पावसात बाहेरचं लेबल गळून पडलं तरी खोका उघडल्यावर मालक सापडावा, एवढ्यासाठी. हे फार कमी लोक करतात.

पोस्टात आत काय ते सरळ सांगितलं, बिल दाखवलं, तेवढ्या रकमेचा विमा करून घेतला. पावतीवर वजन ग्रॅममध्ये छापून येतं. पावतीचा आणि काट्यावरच्या खोक्याचा फोटो तिथेच काढून नागपूरला धाडला. त्यांनी वजन जुळवून पाहिलं आणि मगच सही केली. पानं जशीच्या तशी पोचली.

रत्नागिरी, टपाल खात्यातून निवृत्त

वजनाचं लिहिलंत ते बरं केलंत. पार्सलातून काही काढलं गेलं असेल तर पहिला साक्षीदार काटा.

आमच्या काळी विम्याचं पार्सल मांजरपाटात शिवून आणावं लागे आणि शिवणीवर ठरावीक अंतराने लाखेची मोहर. मोहर पाठवणाऱ्याची स्वतःची हवी. नाण्याचा छाप चालत नसे, कारण तसलं नाणं कोणाच्याही खिशात असतं. लोक वैतागायचे. पण ती लाख फोडून पुन्हा तशीच लावणं अवघड होतं, आणि आज पाच रुपयांच्या तपकिरी टेपने ते काम करायला निघालोय आपण.

आता समजुतींबद्दल. 'स्पीड पोस्ट केलंय, म्हणजे सुरक्षित' ही पहिली. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं ते वेगासाठी. विमा नसताना वस्तू गहाळ झाली, तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळते. म्हणजे शंभर रुपये भरून पन्नास हजारांची वस्तू पाठवलीत तर हातात दोनशे. जुन्या नियमांत सोनं, चांदी, जडजवाहीर, नोटा विम्याशिवाय टपालात घालायलाच मनाई होती, ती काही उगाच नव्हे.

दुसरी समजूत, 'रजिस्टर करतो'. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. ज्याचं पत्र त्याच्याच हातात पडावं असं वाटत असेल तर स्पीड पोस्टावर नोंदणीची वेगळी सेवा मागायची, थोडे पैसे जादा पडतात. ओटीपी सांगितल्यावरच वाटप, अशीही सोय आहे. न मागता कोणी देणार नाही.

विमा एक लाखापर्यंत होतो. खेड्यातल्या शाखा डाकघरात मोठ्या रकमेचा होत नाही, तालुक्याला जावं लागतं. आणि रक्कम फुगवून काही मिळत नाही. भरपाई खऱ्या किमतीइतकीच, म्हणून बिल किंवा सोनाराचा किमतीचा दाखला आधी तयार ठेवा.

पाकीट फाटलेलं दिसलं, टेप दोन तऱ्हेची दिसली, तर सही करू नका. 'ओपन डिलिव्हरी' हवी म्हणा. पोस्टातल्या माणसासमोर पार्सल उघडतात, आत काय निघालं त्याची नोंद होते. सही करून घरी आणून उघडल्यावर तुमच्या शब्दाशिवाय काहीही उरत नाही.

चिपळूण

वरचं वाचून हळहळले. दिरांनी पुण्याहून चांदीचं तांब्या-फुलपात्र आणि समया खाजगी कुरिअरने पाठवल्या. त्यांनी "चांदीची भांडी" म्हणून सांगितलं होतं. काउंटरवरच्या मुलाने "घरगुती सामान लिहितो, लवकर जाईल" म्हणत तसंच लिहिलं. किंमत लिहिली की वर जोखमीचे पैसे लागतात आणि मग गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे आम्हाला नंतर कळलं. खोका आला तेव्हा एका बाजूची टेप पांढरी, दुसऱ्या बाजूची खाकी. समया होत्या, फुलपात्र नव्हतं. पावतीवरच्या वजनात आणि आलेल्या वजनात चांगलाच फरक.

तक्रार केल्यावर त्यांनी पावतीची मागची बाजू दाखवली. बारीक अक्षरांत 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालकाची, आणि भरपाईची मर्यादा, ती काही शे रुपयांची. तेवढे दिले. फुलपात्रावर सासूबाईंच्या आईचं नाव कोरलेलं होतं.

अलिबाग, वकिली करतो

चिपळूणच्या ताईंना : ती बारीक अक्षरं हलक्यात घेऊ नका. पाठवणाऱ्याने सही केलेली मर्यादेची अट त्याला बांधते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कुरिअरच्याच प्रकरणात म्हटलंय. सही कोणी केली होती, की केलीच नव्हती, अट वाचता येण्याजोगी होती का, यावर पुढचं सगळं अवलंबून. शिवाय दिरांनी चांदी सांगूनही 'घरगुती सामान' लिहिलं गेलं, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. त्या वेळचा एखादा व्हॉट्सॲप निरोप सापडतो का बघा.

आधी लेखी तक्रार, तिचा क्रमांक. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते.

टपाल खात्याचं गणित वेगळं. १८९८ च्या कायद्यात सरकारला नुकसानीच्या जबाबदारीतून जवळजवळ मोकळं सोडलं होतं. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यातही नियमांत सांगितली असेल तेवढीच जबाबदारी. त्यामुळे पोस्टाशी भांडायची खरी ताकद विम्याच्या पावतीत. तिथल्या तक्रारींसाठी डाक अदालतही भरते, बऱ्याच जणांना पत्ता नसतो.

कुडाळ

माका लिहूक तसा येना नाय, पण सांगतंय. चेडू लग्न होऊन डोंबिवलीक. तिची नथ हयल्या सोनाराकडे मोती बदलूक दिली हुती. घोव म्हणाले, "कोणाच्या तरी हाती धाडूया." मिया म्हटलंय, त्या 'कोणाक तरी' दहा ठिकाणी जावचा आसता, आमची नथ पिशयेत घेवन फिरतलो. सरळ तालुक्याच्या पोस्टात गेलंय. थयल्या बायन इचारल्यान, "आत काय?" आणि माझ्या मागे लायनीत शेजारचो उभो! तेच्यासमोर सोना म्हणान कसा सांगतलंय? कागदार लिवन दिलंय. ती हसली, बिल बघल्यान, विमो केल्यान. नथ पोचली. शेजाऱ्याक अजून वाटता मी लाडू धाडलंय.

दाभोळ

आमचे मिस्टर जहाजावर असतात. व्हिसा लागलेला पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) एजंटने कुरिअरने गावी पाठवलं. ऑनलाइन 'डिलिव्हर्ड' दिसत होतं, घरात काही नाही. जॉइनिंग तोंडावर. जो भेटेल तो म्हणे, आधी पोलिसात हरवल्याची नोंद करा.

भाऊजींनी अडवलं, आणि त्यांचे उपकार आहेत. पासपोर्ट हरवला म्हणून नोंद झाली आणि तो रद्द झाला की दुसऱ्या दिवशी सापडला तरी प्रवासाला चालत नाही. व्हिसाही त्यातच. म्हणून आधी कुरिअरकडे पोचपावतीची प्रत मागितली : सही कोणाची, किती वाजताची, माल कुठल्या शाखेतून निघाला. फोनवर "मिळालंय मॅडम" एवढंच ऐकवतात; ईमेलने लेखी मागितल्यावर कागद आला. सही आमच्याच आडनावाची, नावाचं पहिलं अक्षरही तेच. शहरात यावरून काही कळलं नसतं. आमच्या इथे एका वाडीत एकच आडनाव असतं आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे पलीकडच्या वाडीत याच नावाचे एक काका आहेत हे सासूबाईंनी चहा गाळता गाळता सांगितलं. गेलो. पाकीट देव्हाऱ्यात होतं. सरकारी काहीतरी दिसतंय म्हणून काकांनी न फोडता जपून ठेवलेलं. त्यांचा मुलगा रविवारी येऊन वाचणार होता.

तेव्हापासून पत्त्यात वडिलांचं पूर्ण नाव, वाडी आणि जवळची खूण असते. आणि एजंटला सांगून ठेवलंय, पोस्टाने पाठवा. पोस्टमन दादांना दोन्ही घरं माहीत आहेत.

देवगड

पत्त्याचं निघालंय तर : शिरगाव आमच्या तालुक्यात, शिरगाव रत्नागिरीजवळ, शिरगाव चिपळूण तालुक्यात. तिन्ही कोकणातच. नुसतं 'मु. पो. शिरगाव' लिहिणाऱ्याला दंडवत. पिनकोडचे पहिले तीन आकडे बघा. रत्नागिरी शहर ४१५६१२, देवगड ४१६६१३. ४१५ मध्ये साताराही येतो, ४१६ मध्ये कोल्हापूर. आणि जिल्ह्यावर विसंबू नका : राजापूर-लांजा रत्नागिरी जिल्ह्यात, पण पिन ४१६ ने सुरू. एक आकडा चुकला तर पार्सल घाटावर फिरून येतं, आणि पावसाळ्यात घाट बंद असला तर तिथेच बसतं.

'मुक्काम' आणि 'पोस्ट' वेगवेगळे असतील तर वेगवेगळेच लिहा.

मालवण, स्कूबावाले

पाण्याखालचा कॅमेरा दुरुस्तीला पाठवावा लागतो. बॅटरी काढूनच पाठवतो. लिथियम बॅटरीला विमानाने नेताना बंधनं आहेत, त्यावरून पार्सल अडतं. सीरियल नंबरचा फोटो आधी काढा. दुरुस्तीवाल्याने तुमचंच यंत्र परत पाठवलंय का, हे त्यावरून कळतं. आणि त्याच खोक्यात आगळाची बाटली भेट म्हणून घालू नका. आमच्या एका मित्राचा कॅमेरा त्यामुळे कायमचा गुलाबी झाला.

कणकवली

रात्रीच्या लक्झरीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आमच्याकडे अर्धं सामान तसंच जातं. ड्रायव्हरला शंभर-दोनशे द्यायचे, त्याचा नंबर मुंबईच्या माणसाला कळवायचा, आणि त्याने पहाटे चारला पुलाखाली उभं राहायचं. आंब्याच्या पेटीला उत्तम. भाच्याचा लॅपटॉप मात्र असाच गेला. बस वाटेत बदलली, ड्रायव्हर बदलला, नवा म्हणतो माझ्याकडे दिलंच नाही. पावती नाही, वजन नाही, कोणावर बोट ठेवणार? पोलिसांनीही पहिला प्रश्न तोच केला, "दिल्याचा पुरावा काय?"

पेण

छोटं पण महत्त्वाचं. पार्सलची वाट बघत असतानाच "पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा" असा मेसेज लिंकसकट येतो. तसल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकू नका. गूगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरांवरही फोन करू नका, त्यांत भामटे बसलेले असतात. पोस्टाचा टोल फ्री १८०० २६६ ६८६८. पावतीवरचा क्रमांक हाताशी ठेवा : दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी 'आयएन', एकूण तेरा.

गुहागर

सगळं वाचलं. आईच्या पाटल्या बहिणीला ठाण्याला पाठवायच्या आहेत, चार तोळ्यांच्या. पोस्टाचा विमा करू ना?

रत्नागिरी, टपाल खात्यातून निवृत्त

आजच्या भावात एक लाखात तोळाभर सोनंसुद्धा बसत नाही हो. उरलेल्या तीन तोळ्यांवर पाणी सोडायची तयारी आहे का? मी आयुष्यभर पोस्टात काम केलं तरी सांगतो, पाटल्या पोस्टाने नकोत. बहीण गणपतीला येणार असेल तर हातात घालूनच जाऊ दे.

गुहागर

येणार आहे. पण परतीचं तिकीट अजून वेटिंगला आहे.