हृदयाचं अस्तर की आवरण?

दादरकर: ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या, रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक करतेय. ‘पेरिकार्डायटिस’साठी ‘हृदयाच्या अस्तराला आलेली सूज’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘परिहृदशोथ’ केलं. ओपीडीच्या रांगेत बसलेल्या बाईला यातून काय कळणार?

मुलुंडचे मास्तर: शोथ म्हणजे सूजच. संधिशोथ, यकृतशोथ कोशात आहेतच. वापरले की रुळतात. शिवाय ‘अस्तर’ फारसी.

गिरगावकर: फारसी असेल, पण शिवणाऱ्या प्रत्येक बाईला तो कळतो. ‘शोथ’ माझ्या घरात कुणी कधी उच्चारलेला नाही.

बोरिवलीकर: ‘हृदयावरणदाह’ कसा वाटतो?

गिरगावकर: दाह नकोच. माझ्या मावशीला ल्युपस आहे. छातीत दुखायला लागलं तेव्हा घरच्यांनी पित्त समजून थंड दूध दिलं. उताणं झोपलं की कळ वाढायची, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. शेवटी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती पाणी दिसलं. दाह वाचून लोक पुन्हा पित्ताच्याच गोळ्या घेतील.

परळची डॉक्टर: झोपल्यावर वाढणारी ती कळ पत्रकात ठळक छापा, शब्द कोणताही ठरो. पण ‘अस्तर’ मलाही नको, कारण अस्तर आतून असतं. पेरिकार्डियम ही हृदयाबाहेरची दुपदरी पिशवी. आतलं अस्तर म्हणजे एन्डोकार्डियम, आणि ल्युपसमध्ये तेही सुजतं, झडपांवर बारीक गाठी धरतात. लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी १९२४ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्या बहुधा दुखत नाहीत, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होऊ शकतो. दोन्हींना अस्तर म्हटलंत तर रुग्ण गोंधळेल.

दादरकर: मग ‘हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज’?

मास्तर: ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे.

गिरगावकर: ‘हृदय’ तरी कशाला? आजी ‘काळजात कळ आली’ म्हणायची.

मास्तर: मटणवाल्याकडे काळीज मागा, यकृत मिळेल.

गिरगावकर: आजी मटणवाल्याशी बोलत नव्हती, डॉक्टरांशी बोलत होती. आणि त्यांना कळायचं.

बोरिवलीकर: ‘ल्युपस’लाही मराठी शब्द हवा. मूळ लॅटिन अर्थ लांडगा ना?

डॉक्टर: तो तसाच राहू द्या. रिपोर्टवर ल्युपस किंवा एसएलई (त्याच्याच पूर्ण इंग्रजी नावाची आद्याक्षरं) असतं. रात्री दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर पेशंटला तेच नाव सांगता आलं पाहिजे.

मास्तर: मग त्याच न्यायाने पेरिकार्डायटिसही राहील, इकोही राहील. पत्रकात मराठी म्हणून फक्त क्रियापदं उरतील. मला हे मान्य नाही.