मदत हवी आहे: एनबीएचं एमव्हीपी मतदान आणि फायनल्स, भाचीला नीट समजावून सांगायचंय

नमस्कार मंडळी,

इथे बास्केटबॉलचे धागे फारसे निघत नाहीत, पण पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणारे दोन-चार जण तरी असतीलच म्हणून विचारतोय.

माझी भाची तेरा वर्षांची, पुण्यात शाळेच्या टीमकडून पॉइंट गार्ड (चाली रचणारी) खेळते, आणि इंडियाना पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनवर तिचा प्रचंड जीव आहे. ह्या 2025 च्या फायनल्सच्या (आधी चार जिंकेल तो चॅम्पियन) सातही मॅच आम्ही दोघांनी एकत्र बघितल्या. पहिल्या मॅचला पेसर्स चौथ्या क्वार्टरमध्ये 15 पॉइंटनी मागे होते, कधीच पुढे नव्हते, आणि 0.3 सेकंद उरलेले असताना हॅलिबर्टननं बास्केट टाकून 111-110 अशी मॅच काढली, तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की खालचे काका काय झालं बघायला वर आले. आणि मग गेल्या सोमवारची सातवी मॅच. पोटरी दुखत असताना उतरला, तीन थ्री (लांबून टाकलेले तीन पॉइंटचे बास्केट) टाकून 9 पॉइंट केले आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याचं अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटलं. खाली पडून जमिनीवर हात आपटत होता ते बघून पोरगी उठून आत गेली ती मॅच संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. ओक्लाहोमा सिटी थंडर 103-91 नी जिंकले आणि शे गिल्जस-अलेक्झांडरला फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) दिला, सीझनचा एमव्हीपी त्याला आधीच मिळाला होता.

आता तिचे प्रश्न. एक, हरलेल्या टीमच्या खेळाडूला फायनल्स एमव्हीपी का देत नाहीत? दोन, सीझनचा एमव्हीपी प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) आधीच ठरवतात मग त्याला अर्थ काय? आणि तीन, मतं पत्रकार देतात, खेळाडू का नाही देत? मी जमेल तसं सांगितलं पण तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

माझं स्वतःचं मत सांगतो. सीझनचा एमव्हीपी डेन्व्हरच्या निकोला योकिचला द्यायला हवा होता. दर मॅचला 29.6 पॉइंट, 12.7 रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), 10.2 असिस्ट (बास्केट होणारा पास), म्हणजे अख्ख्या सीझनची सरासरीच ट्रिपल डबल (तिन्हीत दहा किंवा जास्त), हे त्याच्याआधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रुकला जमलं होतं आणि ते दोघं गार्ड, सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) खेळणाऱ्यानं असं कधीच केलं नव्हतं. त्यात डेन्व्हरनं सीझनच्या फक्त तीन मॅच उरल्या असताना कोच काढला, तरी ह्या माणसानं 50 मॅच जिंकून दिल्या. पण 100 पत्रकारांपैकी 71 जणांनी पहिलं मत शेला दिलं आणि 29 जणांनी योकिचला. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो शेनं फायनल्स जिंकून दाखवली, म्हणजे ते 71 बरोबर होते, विषय संपला. मला हे पटत नाही पण उत्तरही देता येत नाहीये. कोणी मदत करेल का?

प्रतिसाद: पहाटपाळी

तुमच्या आतेभावाचं लॉजिक कालक्रमातच गडबडतं. मतपत्रिका रेग्युलर सीझन संपला की लगेच जमा होतात, प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी, फक्त निकाल नंतर जाहीर करतात. प्रत्येकानं पाच नावं लिहायची, त्यांना 10, 7, 5, 3, 1 असे गुण. म्हणजे जून महिन्यात काय झालं ते एप्रिलमधल्या मताचा पुरावा होऊच शकत नाही, ना बाजूनं ना विरुद्ध.

भाचीला 2016 चं उदाहरण द्या. गोल्डन स्टेटच्या स्टीफ करीला 131 पैकी 131 पहिली मतं, एकमतानं एमव्हीपी होणारा तो पहिलाच, टीम 73-9 (73 जिंकल्या, 9 हरल्या). आणि फायनल्समध्ये 3-1 पुढे असून लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडकडून हरले. म्हणून करीचा सीझन खोटा ठरतो का? नाही ना. 82 मॅचचा हिशोब वेगळा आणि सात मॅचचा वेगळा.

बाकी शेबद्दल तुमच्याशी सहमत नाही. 32.7 पॉइंटची सरासरी, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि टीम 68-14. थंडर दर मॅचला सरासरी 12.9 पॉइंटनी जिंकत होते, एनबीएच्या इतिहासात एवढा फरक कोणाचाच नाही. तो चौथ्या क्वार्टरला बाकावर बसायचा कारण मॅच आधीच संपलेली असायची, त्याचा तोटा त्याला का?

प्रतिसाद: लेफ्टी_लेअप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: देत नाहीत असा नियम नाहीये. 1969 साली हा पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला दिला. लेकर्स सातवी मॅच 108-106 नी, फक्त दोन पॉइंटनी हरले, आणि वेस्ट मांडीचा स्नायू दुखावलेला असताना 42 पॉइंट, 13 रिबाउंड, 12 असिस्ट करून बसला होता. तुमच्या भाचीला हे नक्की सांगा, तिला पटकन कळेल मी का सांगतेय ते.

त्यानंतर मात्र एकदाही नाही. सगळ्यात जवळ 2015 ला गेलं होतं. हरलेल्या क्लीव्हलंडच्या लेब्रॉनची सरासरी 35.8 पॉइंट, दोन्ही टीममध्ये मिळून पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्हीत तोच पुढे, बरोबरचे कायरी अर्व्हिंग आणि केव्हिन लव्ह दोघं जखमी. पुरस्कार गेला जिंकलेल्या गोल्डन स्टेटच्या आंद्रे इग्वोडालाला, 11 पैकी 7 मतं, लेब्रॉनला 4. मला तेव्हा फार राग आलेला, पण नंतर ती सिरीज परत बघितली. गोल्डन स्टेट 2-1 मागे होते, चौथ्या मॅचपासून इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवलं आणि पुढच्या तिन्ही जिंकले, लेब्रॉनला अडवायचं कामही त्याचंच. तरी माझं मत लेब्रॉनलाच गेलं असतं.

ह्या वर्षी मात्र शेच. चौथ्या मॅचला थंडर 2-1 मागे, इंडियानाच्या घरच्या कोर्टवर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं एकट्यानं 15 पॉइंट केले. ती हरले असते तर 3-1 झालं असतं. सातव्या मॅचला 29 आणि वर 12 असिस्ट. हॅलिबर्टन जखमी झाला नसता तर निकाल काय लागला असता ह्यावर मी बोलणारच नाही, त्या विचारानं अजून पोटात तुटतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, जेरी वेस्टचं तिला रात्रीच सांगितलं. तिनं आधी विचारलं की तो परत खेळला का, मी म्हटलं हो, आणि 1972 मध्ये चॅम्पियनही झाला, त्यावर पहिल्यांदाच जरा हसली.

प्लेऑफ मोजून मत द्यावं असं मला वाटायचं ते पहाटपाळी तुमच्यामुळे थोडं बदललंय. पण मग योकिचबद्दलचं मत आणखी पक्कं झालं, कारण फायनल्स बाजूला ठेवली की राहतो फक्त सीझन, आणि त्यात टीम किती भक्कम होती ह्याचे मार्क शेला मिळाले असं वाटतं. तिसरा प्रश्न राहिलाय पण.

प्रतिसाद: पहाटपाळी

आधी खेळाडूच मत द्यायचे हो, 1980 पर्यंत. नंतर ते पत्रकारांकडे गेलं. खेळाडूंनी द्यावं असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्या भाचीचाच हिरो. ह्याच एप्रिलमध्ये एका माध्यमानं खेळाडूंची नावं गुप्त ठेवून पाहणी केली होती, लीगमधला सगळ्यात उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू कोण, तर सगळ्यात जास्त मतं हॅलिबर्टनला! मग मिलवॉकी, क्लीव्हलंड, न्यूयॉर्क, ओक्लाहोमा, चारही राउंडमध्ये शेवटच्या सेकंदांत त्यानं एकेक मॅच जिंकून दिली किंवा बरोबरीत आणली. रोज समोर खेळणाऱ्यांनाही तो ओळखता आला नव्हता. आणि 82 मॅच खेळताना बाकीच्या 29 टीम बघायला त्यांना वेळ तरी कुठून मिळणार.

धागाकर्ता

हे वाचून दाखवलं. तिनं तो पाहणीवाला भाग दोनदा वाचायला लावला. रविवारी आम्ही 2016 ची सातवी मॅच बघणार आहोत, तिनं अजून बघितलेली नाही, तेव्हा स्कोअर कोणी इथे लिहू नका प्लीज, ती आता हा धागा स्वतः वाचते.