टीसीई बंद करायचंय, पण मग पार्ट धुवायचे कशाने?

भोसरीकर_टर्नर:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, सीएनसीवर माइल्ड स्टीलचे पार्ट करतो. मशीनवरून उतरले की जाळीच्या बास्केटमध्ये भरायचे, तेल काढायला टीसीईच्या (ट्रायक्लोरोइथिलीन, तेल विरघळवणारं सॉल्व्हंट) टबात बुचकळायचे, दोन मिनिटांत कोरडे. वडिलांच्या वेळेपासून हेच चालू आहे. आता एका एक्सपोर्टवाल्या कस्टमरचा फॉर्म आलाय, ट्रायक्लोरोइथिलीन वापरता का, हो की नाही लिहा. हो लिहिलं तर पुढची ऑर्डर अडकते म्हणे. धुणाऱ्या पोराचं पण रोज संध्याकाळी डोकं धरतं, आम्ही आपलं ऊन लागलं असेल म्हणून सोडून द्यायचो. सप्लायर म्हणतो एनपीबी घ्या, इको-फ्रेंडली आहे, टब पण तोच चालेल. घेऊ का?

केमिस्ट_निगडी:
अजिबात नको. एनपीबी म्हणजे प्रोपाइल ब्रोमाइड, ते नसांवर जातं. अमेरिकेत फोमच्या गाद्या चिकटवायच्या ग्लूमध्ये हे वापरायचे, तिथल्या कामगारांचे पाय बधिर होऊन धड चालता येईना झालं. युरोपच्या धोकादायक यादीत पण आहे, म्हणजे पुढेमागे ह्याचाही फॉर्म येणारच तुम्हाला. आणि टीसीईबद्दल बोलायचं तर त्याने किडनीचा कॅन्सर होतो हे आता पक्कं धरलंय, युरोपात 2016 पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, अमेरिकेने डिसेंबर 2024 ला बंदीचा नियम काढला. त्या पोराला एकदा बाजूला घेऊन विचारा, थोडी घेतली की तोंडावर लाल चट्टे उठतात का. टीसीईवर काम करणाऱ्यांमध्ये हे जुनं लक्षण आहे. डॉक्टरला दाखवा आणि तो नक्की काय हाताळतो ते सांगा, नाहीतर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतील.

जुना_फिटर:
एवढं काय घाबरवता राव, आम्ही पंचवीस वर्षं हात घालतोय त्यात, वास पण येत नाही आता.

केमिस्ट_निगडी:
काका, वास येत नाही म्हणजे नाक मेलंय, हवा साफ झालेली नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, टबाच्या काठावरून खाली सांडते, त्यामुळे छताच्या एक्झॉस्टचा फारसा उपयोग नाही, आणि टबाशेजारी टेबलफॅन लावला असेल तर तो वाफ उचलून थेट तोंडावर मारतो. बदल होईपर्यंत निदान फॅन हलवा, टबावर झाकण ठेवा, जवळपास वेल्डिंग करू नका (त्या उष्णतेत ह्याच वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो), आणि साधे नायट्राइल ग्लोव्हज ह्याला टिकत नाहीत, व्हायटॉन नावाच्या खास रबराचे लागतात, महाग असतात.

चाकण_मेंटेनन्स:
आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी पाण्यातल्या अल्कली क्लीनरवर गेलो. 60 डिग्री, अल्ट्रासॉनिक टाकी, मग रिन्स. पहिल्या लॉटला तिसऱ्या दिवशी गंज, मालकाने माझी जी काही काढली ती इथे लिहीत नाही. शेवटच्या रिन्समध्ये रस्ट इनहिबिटर टाकला, गरम हवेचा ब्लोअर लावला, ब्लाइंड होल (आरपार नसलेलं भोक) खाली तोंड करून ठेवायला लागलो, तेव्हा जमलं. धुतलेलं तेलकट पाणी गटारात सोडता येत नाही, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) दाखवावं लागतं, तो खर्च आधीच धरा. पण भाऊ एक सांगा, धुतल्यावर पार्ट जातात कुठे?

भोसरीकर_टर्नर:
तीनातले दोन फॉस्फेटिंगला (गंज रोखणारा थर चढवायला), जॉबवर्कवाल्याकडे.

चाकण_मेंटेनन्स:
अहो मग धुता कशाला! त्याच्या लाइनची पहिली टाकीच गरम अल्कलीची असते, तेल काढायलाच. तुम्ही फक्त तेल निथळून द्या, बास्केट रात्रभर तिरकी ठेवली तरी बरंचसं निघतं, आणि ते तेल परत वापरता येतं. एवढंच बघा की मधे गंज येण्याइतके दिवस माल पडून राहणार नाही.

भोसरीकर_टर्नर:
आयला, हे डोक्यातच आलं नाही, वडील धुवायचे म्हणून आम्ही धुतोय. उद्याच त्याला फोन लावतो, तेलकट माल घेईल का आणि रेट वाढवेल का ते विचारतो. तिसऱ्या पार्टची पाण्यात ट्रायल घेतो, त्याला 6 मिमीचं ब्लाइंड होल आहे, तेवढीच धाकधूक. टबात उरलेल्या टीसीईचं काय करू? भंगारवाला ड्रमसकट न्यायला तयार आहे.

केमिस्ट_निगडी:
भंगारवाल्याला देऊ नका, तो ड्रम पाहिजे म्हणून आतलं कुठेतरी ओतणार. टीसीई पाण्यापेक्षा जड, जमिनीत मुरत खाली जातं, मग बोअरच्या पाण्यात येतं. घातक कचरा म्हणून मॅनिफेस्ट (कचरा नेल्याची नोंदपत्रं) करून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवा, पावती जपून ठेवा, कस्टमरच्या ऑडिटला तीच दाखवता येईल.