क्रॉनिक फटिग सिंड्रोम असलेल्यांना योगवर्गात काय द्यावं? पंचकर्म, अश्वगंधा चालेल का?

योगवर्ग, अंबाजोगाई

वर्गातल्या दोघींना, वय ३४ आणि ४१, फिजिशियननी क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणजे एमई-सीएफएस सांगितलाय. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, सगळं तपासून झालंय. सकाळचा तासाभराचा वर्ग त्या नीट पार पाडतात, घरी जाऊन स्वयंपाकही करतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, अंग ठणकतं, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत, आणि हे चार-पाच दिवस चालतं. घरचे म्हणतात, सवय नाही म्हणून होतंय, नेमानं केलं की ताकद येईल. एकीच्या सासूबाईंनी पंचकर्माचा धोशा लावलाय. दुसरीनं अश्वगंधा आणि गुळवेल दोन्ही सुरू केलंय. वर्गात त्यांच्यासाठी काय बदलावं आणि या बाकीच्या उपचारांना काय म्हणावं? नेमकं सांगा.

फिजिओ, लातूर

ताई, त्यांचा नेहमीचा वर्ग आजपासूनच थांबवा. एक-दोन दिवसांनी येणारी ती घसरण हेच या आजाराचं मुख्य लक्षण आहे, आणि ती उशिरा येते म्हणून तिचा संबंध वर्गाशी कुणी जोडत नाही. साध्या थकव्यात व्यायामानं दम वाढतो. इथे मर्यादा ओलांडली की रुग्ण आणखी खाली जातो, आणि हे वारंवार झालं तर परत वर यायला महिने लागतात. ठरावीक टप्प्यानं व्यायाम वाढवत न्यायचा उपचार ब्रिटनमध्ये उपचारांच्या अधिकृत सूचना काढणाऱ्या नाईस संस्थेनं ऑक्टोबर २०२१च्या सूचनांतून काढून टाकला तो याचसाठी. आपल्याकडे अजून सर्रास ‘रोज थोडं चाला, वाढवत न्या’ सांगितलं जातं. घरच्यांना हे बसवून समजावावं लागेल, कारण ‘आळस’ हा शब्द या बायकांनी पुष्कळ ऐकलेला असतो आणि तो टाळण्यासाठीच त्या झेपत नसताना रेटतात.

मर्यादा कशी शोधायची? कोविडच्या वेळी घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर काढा, त्यात नाडी दिसते. सकाळी जाग आल्यावर, बाजेवरून पाय खाली टेकवायच्या आधी आकडा लिहायचा. सात दिवसांची सरासरी घ्या, त्यात १५ मिळवा. सरासरी ७२ आली तर ८७ ही दिवसभराची वरची रेघ. काम करताना नाडी त्याच्यावर गेली की हातातलं ठेवून बसायचं, शक्यतो आडवं व्हायचं. बोट गार असेल, नखाला पॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा चुकतो; अर्धा मिनिट थांबून तो स्थिरावल्यावरच वाचा. प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर ही पद्धत निरुपयोगी, कारण त्या गोळ्या नाडी दाबून ठेवतात.

नुसतं उभं राहिल्यावरच रेघ ओलांडली जात असेल तर भिंतीची चाचणी करा. दहा मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी लिहा. मग टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर, खांदे भिंतीला टेकलेले, हालचाल नाही, बोलणं नाही, दर मिनिटाला नोंद, अशी दहा मिनिटं. शेजारी कुणीतरी हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच आडवं करायचं. नाडी ३० किंवा जास्त वाढली, किंवा वरचा बीपी २०नं नाहीतर खालचा १०नं पडला, तर तो कागद घेऊन फिजिशियनकडे पाठवा. पाणी, मीठ, पाय आवळून धरणारे पायमोजे, गोळ्या याचा निर्णय तिथे होईल. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ स्वतःच्या मनानं वाढवायचं नाही. चाचणीनंही घसरण येऊ शकते, म्हणून त्याच्या आगेमागे दोन दिवस मोकळे ठेवा.

आता भाकरीचं. आपल्याकडे दिवसातलं सगळ्यात महागडं काम तेच आहे: उभं राहणं, तव्याची धग आणि खांद्यापासून हात चालवणं, तिन्ही एकाच वेळी. वर प्रत्येक भाकरीचं पीठ वेगळं मळायचं. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात उकड काढून घेतलं तर चिकटपणा येतो, मळायला जोर कमी लागतो आणि थापताना कड फाटत नाही. परात ओट्यावर न ठेवता खाली किंवा बसून पोचेल अशा टेबलावर घ्या. थापणारी एक, तव्यावर उलटणारी दुसरी. आठ भाकऱ्या एका बैठकीत करू नयेत. चार झाल्या की पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचं, मोबाईलशिवाय, कारण पडद्याकडे बघणंही खर्चात धरायचं. क्रॅशचे, म्हणजे त्या घसरणीचे, दिवस ओळखीचे झाले की कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरात ठेवलेली बरी.

वैद्य, नांदेड

पंचकर्माबद्दल स्पष्ट बोलतो. पंचकर्म म्हणजे शोधन, शरीर आतून साफ करणं, आणि ते बलवान रुग्णाचं काम. दुर्बळाला शमन (त्रास शांत करणं) आणि बृंहण (पोषण देऊन ताकद वाढवणं), हे आयुर्वेदच सांगतो. वमन (उलटी करवणं) आणि विरेचन (जुलाब देणं) दोन्हींत अंगातलं पाणी आणि क्षार जातात. ज्याला उभं राहिलं की आधीच चक्कर येते त्याला तेच नको असतं. स्वेदनाच्या, म्हणजे वाफेनं घाम काढायच्या, पेटीतही तसंच: उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतो. मराठवाड्यात एप्रिल-मेचा पारा ४०च्या वर असताना तर नाहीच. सासूबाईंना सांगा की सूनबाईची ताकद आधी वाढू द्या, हे शास्त्राला धरूनच आहे.

अभ्यंग चालतं, पण मोजून. कोमट तीळतेल, दहा-पंधरा मिनिटं, रुग्ण आडवा, हात हलका. रगडून मालिश केली तर स्नायू दुखतात आणि तीच घसरणीला निमित्त होते. नंतर अर्धा तास पडून राहायचं. मग स्टुलावर बसून कोमट पाण्यानं अंघोळ. तेलकट पायांनी न्हाणीत उभं राहू देऊ नका. पहिल्या वेळी फक्त पाय करा आणि तीन दिवस बघा.

अश्वगंधा चूर्णाची प्रचलित मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. या आजारावर तिचा भक्कम पुरावा नाही. झोप आणि ताण यांवर थोडा उपयोग दिसतो. ती थायरॉईडचं संप्रेरक वाढवू शकते, म्हणून थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते. गरोदरपणात नकोच. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीकडे बोट दाखवलं. कुंपणावरून तोडलेली वेल कोणती, हे घरी ओळखता येत नाही, त्यातून ती प्रतिकारशक्तीला चाळवते. मी तरी ती बंद करायला सांगेन. दोन्ही एकदम सुरू केल्यामुळे कशानं फरक पडला हेही कळणार नाही. एका वेळी एक, महिनाभर, वहीत नोंद, आधी आणि नंतर लिव्हरची तपासणी. लघवी गडद, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद.

आणि बाजारात मिळणारी बिननावाची ‘ताकदीची पुडी’. तीन दिवसांत चमत्कार झाला तर आत स्टेरॉईड असल्याचा संशय घ्या. चेहरा सुजतो, साखर चढते. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. भस्मं शिसं-पाऱ्याच्या तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

योगवर्ग, अंबाजोगाई

वैद्यजी, फिजिओदादा, आभार. वर्ग थांबवते. मग त्यांना घरी काय देऊ? प्राणायामही बंद का? वर्गाची जागा पत्र्याची आहे, सातनंतर तापते.

योगोपचार, परभणी

ताई, त्यांनी तुमच्याकडे यायचंच नाही. आवरणं, रिक्षा, जिना, गप्पा, परतीचं ऊन, हे सगळं मिळून आसनांपेक्षा जास्त खर्च होतो. तुमच्या आवाजात १५ मिनिटांची योगनिद्रा रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा. आवाज बारीक ठेवा, मागे संगीत नको. या आजारात आवाज आणि उजेड सोसत नाहीत.

पहिले दोन आठवडे फक्त आडवं. पोटऱ्यांखाली लोड, श्वास ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. क्रॅश आला नाही तर खुर्चीत बसून दाबाचे प्रकार: तळहात एकमेकांवर निम्म्या जोरानं पाच सेकंद दाबणे, मांडीवर हात ठेवून गुडघा वर ढकलणे. प्रत्येकी तीन वेळा, मध्ये अर्धा मिनिट विसावा. जपानमध्ये २०१४ साली ३० रुग्णांवर बैठ्या योगाचा छोटा अभ्यास झाला, त्यात थकवा कमी झाला होता. मात्र ते रुग्ण खुर्चीत बसू शकणारे होते. अंथरुणाला खिळलेल्यांना तो निकाल लावू नका.

कपालभाती, भस्त्रिका, सूर्यनमस्कार, उभी आसनं बाद. वेगवान श्वासानं नाडी चढते आणि भोवळ येते. भ्रामरी पाच आवर्तनं, तीही आवाज सोसत असेल तरच. चांगला दिवस आला म्हणून दुप्पट करायचं नाही, सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. दोन आठवडे घसरण नसेल तर दोन मिनिटं वाढवा, नाहीतर आहे तिथेच राहू द्या.

औषधवाला, जालना

एक राहिलं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक अशी आठ आठवडे असते, पुढे डॉक्टर सांगतील तशी. लोक ती वर्षभर दर आठवड्याला घेतात. कॅल्शियम चढतं आणि त्यानंच पुन्हा थकवा, मळमळ, सारखी तहान. चिठ्ठी जुनी असेल तर दोघींचं कॅल्शियम बघून घ्या. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो. रक्त द्यायच्या दोन दिवस आधी बंद. बी१२ बघितलंय का? शाकाहारी असतील, किंवा मेटफॉर्मिन नाहीतर ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते उतरतं. सोबत फेरिटिनही करा, हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. घरी जनावरं असतील, कच्चं दूध पोटात जात असेल तर ब्रुसेलाची (जनावरांकडून येणाऱ्या संसर्गाची) तपासणीही डॉक्टरांना विचारा.