अल्पसंख्याक म्हणजे हिशेब विचारायचा नाही?

ख्रिस्ती मिशनच्या शिक्षणसंस्थांच्या कारभारावर कुणी प्रश्न विचारला की 'अल्पसंख्याक संस्था आहे, बाहेरच्यांनी बोलू नये' असं काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क देतं; त्यात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सांगितलंय.

मी मिरजेचा, मिशनच्याच कॉलेजात शिकलो. रोजे लागले की आमचे ख्रिस्ती सर मुसलमान पोरांचं प्रॅक्टिकल सकाळी लावायचे. प्रार्थनेला या, नका येऊ, हजेरीत फरक नाही. (अनुदानित संस्थेत तशी सक्ती करताही येत नाही, कलम २८.) पुढे विश्वस्तांत दोन तट पडले, वसतिगृहाची पावती कोऱ्या कागदावर मिळायला लागली. हिशेब मागणारा ख्रिस्तीविरोधी कसा? आमच्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे (ट्रस्टांच्या कारभारावर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) पहिला अर्ज चर्चमधल्याच एका आजोबांनी केला होता.