तेलुगू माणूस, तमिळ गाणं आन् आपली छकुली

ग्रुप: आपला वाडा
रविवार, संध्याकाळ

ताई: छकुली काल नागपूरहून आली तेव्हापासून गप्प आहे. धड जेवली पण नाही. स्पर्धेत पुढे नाही गेली याचं काही नाही. पण परीक्षक सगळ्यांसमोर म्हणे का, आवाज चांगला आहे पण बोली गावाकडची आहे, आधी नीट बोलायला शीक. अशा भरल्या हॉलमध्ये बोलतात का लेकराले?

मी: कोणत्या शब्दावरून झालं?

छकुली: ‘डोळे’ वरून, मामा. अंतऱ्यात दोनदा आहे. पहिल्यांदा बरोबर म्हटला, दुसऱ्यांदा तान संपता संपता ‘डोये’ निघून गेला. मागच्या रांगेतले हसले. मग पुढचं गाणं मी कसं म्हटलं ते मलाच आठवत नाही.

भाऊजी: मी हॉलमध्ये होतो. आवाज अजिबात हालला नाही तिचा. शेवटपर्यंत म्हटलं पोरीनं.

पुण्याचा भाऊ: बोलण्याची पद्धत चुकीचीच होती त्यांची. पण ताई, खरं सांगू का, उच्चार तर सगळीकडे पाहतात. पुढं जायचं असेल तर आतापासून घरातही शुद्ध बोलायची सवय लावा तिला.

भाऊजी: घरात काहून? घरात माय-आजी जशी बोलते तशीच बोलन ते.

पुण्याचा भाऊ: भाऊजी, मी तिच्या भल्यासाठीच म्हणतोय.

काकाजी: थांबा बावा, आपसात लागू नका. दोघंही तिच्याच बाजूचे आहात. छकुली, तुले एका माणसाची गोष्ट लिहितो, सावकाश वाच. मी वणीले जिनिंगवर होतो तेव्हा कापसाच्या हंगामात आदिलाबादकडच्या गाड्या रातभर उभ्या राहायच्या. ड्रायव्हर लोक केबिनमध्ये तेलुगू टेप लावायचे. एक शब्द समजत नव्हता, पण एक आवाज असा होता का पावती लिहिता लिहिता हात थांबायचा. बाजूच्या चहाच्या टपरीवर त्याच आवाजात हिंदी गाणं चालू. मले वाटे, सारखे आवाजाचे दोन माणसं असतील. एका ड्रायव्हरनं सांगितलं का दोन्ही एकच, बालू. एस. पी. बालसुब्रह्मण्यम.

छकुली: सलमानच्या जुन्या पिक्चरमधला आवाज ना आबाजी?

काकाजी: हाव, तोच. पण सलमानच्या आधी त्याची वीसक वर्षं झाली होती गाण्यात. जन्म 4 जून 1946 चा, आंध्रातल्या नेल्लोरकडचा. बाप हरिकथा सांगायचे, म्हणजे आपल्याकडचे कीर्तनकारच म्हण. पोरगा इंजिनिअरिंगले अनंतपूरले गेला. मद्रासले गाण्याच्या स्पर्धेत पहिला आला, तिथं संगीतकार कोदंडपाणी यांनी त्याले हेरलं आन् 1966 मध्ये तेलुगू पिक्चरमध्ये गाऊ दिलं. पुढे बालूनं स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला तर नाव त्याच माणसाचं दिलं, कोदंडपाणी. मले हे फार मोठं वाटते.

काकाजी: आता तुह्या कामाचं. तेलुगूत नाव झालं तसा तो तमिळमध्ये गेला, एम. एस. विश्वनाथनकडे. ते तिकडचे त्या काळचे सगळ्यात मोठे संगीतकार. त्यांनी ऐकलं आन् सांगितलं का आवाज छान आहे, पण तमिळ कच्ची आहे, नीट करून ये. म्हणजे तुले काल जे ऐकावं लागलं तेच. फरक एवढाच का विश्वनाथननं चारचौघांत पाणउतारा नाही केला. काम सांगितलं, परत ये म्हटलं. आन् मग गाणंही दिलं.

वहिनी (सिरोंचा): मामाजी बरोबर सांगून राहिले. आन् तमिळ आम्हा तेलुगू लोकांले सोपी नाही हं. त्यांचा एक ‘ळ’ असा आहे का जीभ मागं वळवून तशीच सोडावी लागते. ‘तमिळ’ या शब्दातच आहे तो. माझ्या मोठ्या बहिणीले चेन्नईत राहूनही अजून जमत नाही. छकुली, तुझा ‘डोळे’ त्याच्यापुढे सोपा आहे बाई.

छकुली: मग त्यांनी कसं केलं मामी?

वहिनी (सिरोंचा): गाणं कोणत्याही भाषेतलं असो, ते स्वतःच्या हातानं तेलुगू अक्षरात उतरवून घ्यायचे. एकेका शब्दाचा अर्थ विचारायचे, कुठं जोर द्यायचा ते विचारायचे. दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावरून गायचे नाहीत. 16 भाषांत गायले ते अशानंच.

मी: काकाजी, तो एमजीआरचा किस्सा पण सांगा ना तिला.

काकाजी: हाव, तो राहिलाच. ‘अडिमै पेण्ण’ नावाचा पिक्चर, 1969 चा. एमजीआर हिरो, म्हणजे तिकडचा देवच. गाणं या नवीन पोराले दिलं. अन् रेकॉर्डिंगच्या तोंडावर बालूले टायफॉईड झाला. कोणीही दुसरा गायक उभा केला असता. एमजीआरनं रेकॉर्डिंग पुढं ढकललं. म्हणे त्या पोरानं आपल्या दोस्तायले सांगितलं असन का मी एमजीआरसाठी गाऊन राहिलो, आता दुसऱ्यानं म्हटलं तर त्याच्या मनाले काय वाटन. त्या एका गाण्यानं तमिळ मुलूख त्याचा झाला.

ताई: हे वाचून डोळ्यात पाणी आलं. असे मोठे लोक पाहिजेत परीक्षक म्हणून.

पुण्याचा भाऊ: काकाजी, गोष्ट चांगली आहे. पण मी एक बोलू? ‘एक दूजे के लिए’ची गाणी मी कितीदा ऐकली आहेत, त्यात त्यांची हिंदी दाक्षिणात्य वाटतेच. म्हणजे उच्चार तेव्हाही जमले नव्हते.

काकाजी: वाटते. मी नाही म्हणत नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनाही तेच वाटलं, ते त्याले घ्यायले तयार नव्हते. पिक्चरचे डायरेक्टर के. बालचंदर, ते अडून बसले. त्यांचं म्हणणं, माझा हिरोच तमिळ पोरगा आहे, त्याले हिंदी येत नाही, मग गाणाऱ्याच्या हिंदीत दक्षिण दिसली तर ते बरोबरच आहे. 1981 ले पिक्चर लागला आन् त्याच गाण्यायसाठी बालूले राष्ट्रीय पुरस्कार भेटला. जो दोष म्हणून सांगत होते तो त्या हिरोच्या तोंडी शोभला.

काकाजी: पण तो तिथं थांबला नाही, हे पाय. आठ वर्षांनी ‘मैंने प्यार किया’ आला, त्यात हिरो शहरातला, श्रीमंताचा पोरगा. तिथं दक्षिणेचं हेल चाललं नसतं. ती गाणी ऐक आन् मले सांग किती ठिकाणी अडकते. मले तर फार कमी ठिकाणी सापडते. फिल्मफेअर भेटलं त्याले त्याच्यासाठी.

मी: आणि त्याचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील! छकुली, तुला माहीत होतं का? राम आणि लक्ष्मण अशी जोडी होती. जोडीदार 1976 मध्ये वारले, तरी विजय पाटलांनी दोघांचं नाव शेवटपर्यंत ठेवलं. दादा कोंडकेंच्या ‘पांडू हवालदार’चं संगीत त्यांचंच. ‘हम आपके हैं कौन’ पण त्यांचंच. लग्नात जोडे लपवले की जे गाणं अजून लागतं, ते नागपूरच्या माणसानं बांधलं आणि नेल्लोरकडच्या माणसानं लताबाईंसोबत म्हटलं.

छकुली: नागपूरचे??? खरंच?

मी: जन्म नागपूरचा आणि मे 2021 मध्ये गेले तेही नागपुरातच.

भाऊजी: त्याच नागपुरात माह्या पोरीले सांगतात का बोली गावाकडची आहे.

ताई: जाऊ द्या ना हो आता.

काकाजी: मले बालूचं प्रेमाचं गाणं काहून आवडते ते सांगतो. रफीसाहेब त्याचे आवडते, हे तो स्वतः सांगायचा, आन् ते गाण्यात कळते. पण एक गोष्ट त्याची स्वतःची आहे. ओळीच्या मधात तो हसते. मोठ्यानं नाही, आवाजातल्या आवाजात, एखाद्या शब्दाच्या शेवटी. ‘साजन’ची गाणी कान लावून ऐक. हिरो पडद्यावर काय करून राहिला ते न पाहता कळते का आता हा हसला, आता याचा जीव खाली-वर झाला. असं हसणं अर्थ माहीत असल्याशिवाय येत नाही. पाठ केलेल्या शब्दावर माणूस हसू शकत नाही.

वहिनी (सिरोंचा): त्यांचा बोलण्याचा आवाज पण तसाच होता. कमल हासनचे पिक्चर तेलुगूत यायचे तर बोलायला तेच. ‘गांधी’ पिक्चर तेलुगूत केला त्यात गांधीजींचा आवाज पण बालूगारूंचाच. आमच्या घरी टीव्हीवर ‘पाडुता तीयगा’ लागायचं, नव्या पोरांच्या गाण्याचा कार्यक्रम, 1996 पासूनचा. तिथं ते पोरांना शब्द कसा फोडायचा ते गाऊन दाखवायचे. चूक झाली तर आधी काय चांगलं झालं ते सांगायचे, मग चूक. माझे बाबा प्राणहितेच्या पुरातही तो कार्यक्रम चुकू द्यायचे नाहीत, लाईन गेली का बॅटरीवर टीव्ही लावायचे.

ताई: वहिनी, तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा मराठी बोलताना किती लाजायच्या. आठवते का?

वहिनी (सिरोंचा): आठवते ना ताई. सिरोंच्याला घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. इथं आले तर तुमचं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ समजायलाच महिना गेला. पण सासूबाई एकदाही हसल्या नाहीत माझ्यावर. म्हणून आली मराठी.

पुण्याचा भाऊ: बरं, मी माझं मागं घेतो. घरात शुद्ध बोल असं नको. गाण्यातला शब्द गाण्यासारखा म्हणायचा, एवढंच. बरोबर ना काकाजी?

काकाजी: तेवढंच बाप्पा. बालू घरी तेलुगूच बोलत होता. त्याचे सहा राष्ट्रीय पुरस्कार पाय: तेलुगूत तीन, आन् हिंदी, कन्नड, तमिळ एकेक. तेलुगूतला पहिला ‘शंकराभरणम’चा. त्यात शास्त्रीय गवयाचा आवाज द्यायचा होता आन् बालू शास्त्रीय शिकलेला नव्हता. कन्नडचा भेटला तो गदगच्या पंचाक्षरी गवईंवरच्या पिक्चरसाठी, तिथंही गाणं रागदारीचंच. म्हणजे भाषा नाही, शास्त्र नाही, असं लोक म्हणत राहिले आन् तो एकेक गोष्ट शिकून घेत राहिला. मले त्याच्या गळ्यापेक्षा हे जास्त मोठं वाटते.

भाऊजी: 2020 मध्ये गेले ना ते? कोरोनात?

मी: हो. ऑगस्टमध्ये चेन्नईला दवाखान्यात भरती झाले. स्वतः व्हिडिओ टाकला होता की त्रास थोडाच आहे, काळजी करू नका. 25 सप्टेंबरला गेले. 74 वर्षांचे होते. दुसऱ्या वर्षी पद्मविभूषण जाहीर झालं, पण ते पाहायला नव्हते.

वहिनी (सिरोंचा): त्या दिवशी माहेरी फोन केला तर बाबा बोललेच नाहीत, आईच्या हातात फोन दिला.

काकाजी: मी त्या दिवशी वावरात होतो. पोरानं फोनवर सांगितलं. घरी येऊन ‘साजन’ लावला आन् कोणाशी बोललो नाही.

छकुली: आबाजी, मला एक सांगा. मी तेच गाणं पुन्हा म्हणू का दुसरं घेऊ? पुढच्या महिन्यात यवतमाळला आहे एक स्पर्धा.

पुण्याचा भाऊ: दुसरं घे. त्या शब्दाची भीती बसली असेल तर उगीच कशाला.

काकाजी: तेच घे.

भाऊजी: मी पण म्हणतो तेच घे.

वहिनी (सिरोंचा): तेच घे छकुली. तान थोडी अलीकडे संपव, म्हणजे ‘डोळे’ला श्वास उरतो. तुझा उच्चार कच्चा नाही ग, पहिल्यांदा बरोबर आलाच होता. दम संपला म्हणून जीभ घरच्या वळणावर गेली. आधी गाणं न गाता नुसतं वाच, दहा वेळा, मोठ्यानं. मग पेटीवर.

छकुली: हे कोणी सांगितलंच नाही मला. क्लासमध्ये पण नाही.

ताई: खरंच वहिनी, तान अलीकडे घेतली का श्वास उरते, आत्ता म्हणून पाहिलं तिनं. दोन्ही वेळा ‘डोळे’ बरोबर आला.

भाऊजी: मी पण ऐकलं इथून. साफ आला.

छकुली: मामी, मला ‘शंकराभरणम’मधलं एक गाणं पण पाठवा ना. मराठी अक्षरात लिहून.

वहिनी (सिरोंचा): लिहून नाही देणार. तू फोन लाव, मी एकेक ओळ सांगते, तू तुझ्या हातानं लिही. अर्थ पण सांगते सोबत. तेलुगू आहे, घाबरू नको, आपल्या ‘ळ’सारखा ‘ळ’ त्यात पण आहे.

काकाजी: तुम्ही दोघी बसा फोनवर. माह्यी आज रातची लाईन आहे, हरभऱ्याले पाणी द्यायचं आहे, मी ओलिताले निघालो. जे गाणं ठरन ते रेकॉर्ड करून मले पाठवजो, मोटर चालू करून वावरातच ऐकतो.

ताई: काकाजी, टॉर्च आन् बूट घेऊन जाजा. परवा बांधावर साप निघाला होता.

काकाजी: घेतले.

छकुली: मामी, फोन लावते. वही घेतली.